माघात सूर्य उशिरा येतो

मी आयुष्यात पुष्कळ भांडलो. भाव करताना माझा आवाज चढतो असं घरचे म्हणतात. तो चढत नाही, तो मुळातच वर असतो. त्यातली बहुतेक भांडणं मी विसरून गेलो, समोरचेही विसरले असतील. बऱ्हाणपूर स्टेशनावरच्या मालबाबूशी झालेलं एक भांडण मात्र मला अजून दुखतं. आणि तरीही त्या दिवसाचे मी आभार मानतो, कारण तो दिवस आला नसता तर माझ्या घरात भाड्याने राहणाऱ्या शिक्षिका बाईंची आणि माझी खरी ओळख झाली नसती आणि डोक्यावरचा सूर्य मी मरेपर्यंत चुकीचा वाचला असता.

तेव्हा आमचं राज्य नागपुरातून चालायचं. स्वातंत्र्य येऊन थोडीच वर्षं झाली होती. संस्थानं विरघळली, नकाशे बदलले, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या. मी त्याच स्टेशनावर केळी विकत लहानाचा मोठा झालो होतो. डोक्यावर टोपली, गाडी थांबली की खिडकीखिडकीशी धावायचं. काही प्रवासी केळी हातात घेत आणि गाडी हलल्यावर नाणं बाहेर टाकत. पहिल्या दिवसांत मी ते टाकलं तिथेच शोधायचो आणि ते सापडायचं नाही. मग लक्षात आलं की चालत्या गाडीतून टाकलेलं नाणं गाडीबरोबर पुढे जाऊन पडतं. तेव्हापासून मी पुढे धावायचो आणि बाकीची मुलं मागे शोधत बसायची. माझं शाळेतलं शिक्षण चौथीपर्यंतचं. बाकीचं असं.

टोपलीवरून मी हातगाडीवर आलो आणि हातगाडीवरून घाऊक खरेदीवर. तापीच्या पलीकडच्या काठावर केळीच्या बागांचं एक गाव होतं. तिथल्या शेतकऱ्यांचा माल पिढ्यान्‌पिढ्या शहरातल्या एका जुन्या दलालाकडे जायचा. मी वर्षभर त्या गावाच्या खेपा घातल्या. गावात एक म्हातारे शेतकरी होते, सगळे त्यांना आबा म्हणत. आबांनी हो म्हटलं तर गाव हो म्हणायचं. शेवटी एका कार्तिकात त्यांनी मला पहिली कापणी दिली.

"तुझ्या जिभेवर नाही, तुझ्या पायांवर देतो," ते म्हणाले. "इतक्या खेपा कोणी घातल्या नाहीत आमच्याकडं."

गावाचं घड्याळ म्हणजे आबांच्या विहिरीजवळचा खांब. ती विहीर सगळ्या भाऊबंदांत सामाईक होती. खांबाभोवती जमिनीत दगड पुरलेले होते. सावली एका दगडावरून दुसऱ्यावर गेली की पाण्याची पाळी बदलायची, एकाची मोट थांबायची आणि दुसऱ्याचे बैल जुंपले जायचे. सख्खे भाऊ बांधावरून डोकी फोडत, पण खांबाच्या सावलीवर कधी कोणी वाद घातला नाही. मीही माझी वेळ त्याच खांबावर बांधली. पहाटे कापणी, मग घड गाड्यांत भरायचे, आणि सावली तिसऱ्या दगडावर आली की गाड्या हाकायच्या. नदीच्या उतारातून पलीकडे, राजघाटाची चढण, शहर ओलांडून स्टेशन. तिथे पोचेपर्यंत सूर्य डोक्यावर यायचा. मालाचा डबा साडेबारापर्यंत आपल्या नावावर राखून ठेवलेला असे. त्यानंतर आलात तर तो दुसऱ्याला.

कार्तिकात सगळं सुरळीत झालं. सूर्य डोक्यावर, आम्ही स्टेशनात, भिंतीवरच्या घड्याळात साडेबाराला बराच वेळ. मालबाबूने बिडीसुद्धा दिली.

माघात मी तोच खांब, तोच तिसरा दगड, तेच बैल घेऊन निघालो. वाटेत ना चाक निखळलं ना बैल बसला. सूर्य बरोबर डोक्यावर आला तेव्हा पहिली गाडी मालधक्क्याला लागली, आणि बघतो तर दलालाची माणसं माझ्या डब्यात केळी भरताहेत.

"ये क्या है?" मी विचारलं.

"टाइम देखो सेठ," मालबाबू म्हणाला. घड्याळ साडेबाराच्या पुढे गेलं होतं. "साढ़े बारा मतलब साढ़े बारा."

"सूरज देखो. अभी तो बारा बजे हैं."

"रेल घड़ी से चलती है. सूरज से चलवानी हो तो उसी को अर्ज़ी दो."

हमाल हसले. मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. डबा अर्धाही भरलेला नव्हता, मालगाडी यायला अवकाश होता, आणि तो माणूस माझ्याकडे बघत सुपारी कातरत होता. त्याने काटे पुढे सरकवलेत, दलालाने त्याला गाठलंय, यात मला तिळभर शंका नव्हती. मी खोटा नव्हतो, खांब खोटा नव्हता, म्हणजे उरलं कोण? त्या दिवसापासून स्टेशनावर माझं नाव 'सूरजवाले सेठ' पडलं. तो माल शेवटी शहरात मिळेल त्या भावाने गेला, काही घड गुरांपुढे पडले.

आबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, भांडणात मी कुणाला हार जात नाही. ते एवढंच म्हणाले, "सेठ, आमच्या खांबाला तू जबाबदार धरतोस का?"

"नाही आबा. बाबूने घड्याळ फिरवलं."

"मंग ते दाखव. तोवर माल दलालाकडं जाईल. आमची पोरं तुझ्या शब्दावर पहाटं उठली होती."

पैशाचं नुकसान मी भरून काढलं असतं, पण त्या गावाने माझा शब्द परत केला होता आणि तो भरून काढायला माझ्याकडे काही नव्हतं.

बऱ्हाणपुरातल्या लोधीपुऱ्यात माझ्या घराच्या पुढच्या खोलीत मुलींच्या शाळेतल्या एक बाई भाड्याने राहत. नागपूरच्या. सरकारने बदली करून इकडे पाठवलेल्या, भूगोल शिकवायच्या. एकट्या राहायच्या म्हणून गल्लीतल्या बायका त्यांच्याविषयी बोलायच्या आणि त्यांच्याकडूनच पत्रं लिहून घ्यायच्या. मी संध्याकाळी त्यांच्या दारात उभा राहिलो आणि म्हटलं, रेल्वेच्या साहेबाला अर्ज लिहायचाय, मालबाबू घड्याळ फिरवतो म्हणून.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कार्तिकातही तोच दगड होता? नक्की?"

"तोच."

"मग अर्ज नाही लिहिणार मी. आधी बघू, सूर्य वेळेवर येतो का."

मला वाटलं त्या माझी थट्टा करताहेत. "बाई, सूर्य उशिरा येतो की काय? तो काय सरकारी नोकर आहे?"

"येत असेल जी, भाऊ. तुमच्या अंगणात एक बांबू रोवा. एक वर्ष बघू."

"एक वर्ष? आठ दिवस."

"वर्ष."

"महिना. त्याच्या वर एक दिवस नाही."

"हा केळीचा घड नाही," त्या म्हणाल्या. "पृथ्वीला फेरी मारायला जेवढा वेळ लागतो त्यात मी सूट कशी देऊ?"

शेवटी सौदा दिवाळीनंतरच्या कार्तिकावर ठरला. तेव्हा मला वाटलं की मी तीन महिने वाचवले. नंतर कळलं, त्यांना माघ ते कार्तिक एवढंच हवं होतं, वर्ष त्यांनी कमी करायला जागा राहावी म्हणून मागितलं होतं. माझ्याशी भावात जिंकलेली माणसं थोडी आहेत, आणि त्यातल्या एकीने कधी बाजारात घासाघीस केलेली मी पाहिली नाही.

बांबू दोन पुरुष उंच नको, हात वर करून शेंडा लागेल एवढाच घ्या म्हणाल्या. ओळंबा लावून तो सरळ उभा केला. त्याच्याभोवती दोरीने वर्तुळ काढलं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला जिथे शिवलं तिथे खूण, दुपारनंतर पुन्हा शिवलं तिथे दुसरी. दोन खुणांच्या बरोबर मधून बांबूपासून निघणारी चुन्याची रेघ ओढली. सावली या रेघेवर आली की सूर्य खरोखर माथ्याच्या रेषेत. तीच आबांच्या विहिरीवरची दुपार.

आणि घड्याळाची दुपार आम्हाला कापडाच्या गिरणीने दिली. बाराला भोंगा व्हायचा, सगळ्या शहराला ऐकू जायचा. आठवड्यातून एका ठरल्या वारी भोंगा झाला की सावलीच्या टोकावर मी तापीतला एक पांढरा गोटा ठेवायचो. बाई शाळेत असायच्या. संध्याकाळी येऊन बघायच्या.

पहिला गोटा ठेवला तेव्हाच मी हबकलो. भोंगा झाला, आणि सावली रेघेपासून चांगली हातभर पश्चिमेला. सूर्य अजून पूर्वेकडे रेंगाळत होता. गिरणीचा भोंगा काही दलालाने फिरवला नसता.

"हे तर होणारच," बाई म्हणाल्या. "सगळ्या देशाला एकच घड्याळ. ते अलाहाबादच्या जवळून जाणाऱ्या रेषेवर लावलेलं आहे. आपण तिथून कितीतरी पश्चिमेला. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून त्यांच्या डोक्यावर सूर्य आधी येतो, आपल्याकडे नंतर. वीस-पंचवीस मिनिटांचा फरक कायमचाच."

"मग कार्तिकात कसा वेळेवर आला?"

"तेच तर बघायचंय."

फाल्गुन गेला, चैत्र गेला. गोटे हळूहळू रेघेकडे सरकत आले. वैशाखात वीतभर अंतर राहिलं. रोहिणी नक्षत्रात दुपारी बांबूने आपली सावली जवळजवळ गिळून टाकली. मी ओट्यावर बसून चहा पीत ते बघायचो. खरेदीला दुसरीकडे जायचो, मिळेल तो माल घ्यायचो, पण त्या वारी भोंग्याच्या आधी घरी. गल्लीतल्या म्हाताऱ्या म्हणायच्या, याने बांबूला नवस बोललाय. पाऊस लागला तेव्हा बरेच आठवडे ढगांनी खाल्ले. आषाढात एकदा ऊन पडलं तर सावली पुन्हा रेघेपासून लांब गेलेली. मला संताप आला. सूर्यही भाव ठरवून फिरवतो म्हणजे काय.

त्या संध्याकाळी मी बाईंना म्हटलं, "मला सरळ सांगा. सूर्य लबाड आहे का?"

त्या हसल्या. "सूर्य जागेवरच आहे. आपण त्याच्याभोवती फिरतो. आणि आपण एका चालीने फिरत नाही."

"बैलसुद्धा एका चालीने चालतो."

"सपाट रस्त्यावर. नदीकडे उतरताना तुमची भरलेली गाडी कशी जाते?"

"उतारावर धावते. बैलांना मागे रेटून धरावं लागतं. चढावर रखडते."

"मग झालं. पृथ्वीची वाट पूर्ण गोल नाही. पौषात ती सूर्याच्या जवळ असते. जवळ जाताना ती सूर्याकडे उतरते, त्याची ओढ तिचा वेग वाढवते. मग पुन्हा लांब जायला लागते, म्हणजे चढण. वेग कमी होतो. आषाढात ती सगळ्यात लांब आणि सगळ्यात सावकाश."

मी विचार केला. "उतरते म्हणता, तर सूर्यात पडत का नाही?"

"तुम्हीच सांगितलं होतं ना मला, गाडीतून टाकलेलं नाणं कुठे शोधायचं?"

"पुढे."

"का?"

"कारण पडता पडता ते पुढे जातच असतं."

"तशीच पृथ्वी. ती सूर्याकडे पडतेच आहे, रोज पडते. पण पुढे इतकी जाते की दर वेळी सूर्य तिच्या बाजूला राहून जातो. चंद्र आपल्याकडे तसाच पडतो. आकाशातलं सगळं असंच पडत पडत चाललंय."

ज्या नाण्यांसाठी मी फलाटावर अनवाणी धावलो, ती मला आकाशातली गोष्ट सांगत होती आणि मला वाटत होतं मी फक्त पोट भरतोय.

मग त्यांनी मला बांबूभोवती चालायला लावलं. बांबू म्हणजे सूर्य, मी पृथ्वी. चालता चालता स्वतःभोवतीही फिरायचं. एक गिरकी पूर्ण झाली तरी बांबू बरोबर समोर येईना, कारण तेवढ्यात मी पुढे सरकलेलो असायचो. थोडं जास्त वळावं लागायचं. झपझप चाललो की आणखी जास्त. "पौषात हेच होतं," त्या म्हणाल्या. "पृथ्वी झपझप चालते, म्हणून सूर्य समोर आणायला रोज थोडं जास्त वळावं लागतं. रोजचा तो थोडासा उशीर साठत जातो आणि माघात सगळ्यात जास्त होतो." पृथ्वीचा आस कललेला आहे, त्याचाही यात मोठा वाटा असतो, असं त्यांनी सांगितलं. तो भाग मला तेव्हा अर्धा कळला, आजही पाऊणच कळतो. समोरच्या ओट्यावरची म्हातारी मला गरगरताना बघून देवाचं नाव घेत आत गेली.

कार्तिक आला. भोंगा झाला आणि मी गोटा ठेवला. रेघेपासून जेमतेम मूठभर अंतर. त्याच्याच शेजारी, बांबूपासून तेवढ्याच लांब, माघातला पहिला गोटा पडलेला होता, पण हातभर बाजूला. दोन्ही महिन्यांत सावली जवळपास सारख्याच लांबीची, म्हणून आबांच्या तिसऱ्या दगडाला दोन्ही दिवस सारखेच वाटले होते. घड्याळाच्या हिशेबाने मात्र त्यांच्यात अर्ध्या तासाचं अंतर. तेवढ्यातच माझा डबा गेला होता.

बाबूने काटे फिरवले नव्हते, हे मी त्या दिवशी मानलं. डबा अर्धा रिकामा असताना त्याने सुपारी कातरली, ते मात्र मानलेलं नाही.

मी बाईंना घेऊन गावाला गेलो. बैलगाडीत त्यांच्यासाठी गोणपाट अंथरलं, गोटे एका टोपलीत. विहिरीजवळ आबा आणि आणखी चार-पाच जण बसले होते. मी जमिनीवर काठी रोवली, गोटे होते तसे मांडले आणि सांगायला लागलो. बाई एक शब्द बोलल्या नाहीत. मी अडखळलो तरी बोलल्या नाहीत.

आबांनी सगळं ऐकलं. "म्हणजे तू म्हणतोस, आमचा खांब खोटा?"

"नाही आबा. खांब खरा. घड्याळही खरं. पृथ्वी एका चालीने चालत नाही, म्हणून दोघांचं पटत नाही. मी दोघांना एकच समजलो."

"आमच्या पाळ्या बदलाव्या लागतील का?"

"कशाला? पाणी सूर्यावरच वाटायचं. फक्त स्टेशनाला जायचं असलं तर माघात तिसऱ्या दगडाची वाट बघायची नाही. त्याच्या अलीकडे अजून एक दगड बसवायचा."

त्यांनी बाईंकडे पाहिलं. "हा तुमचा शिकवलेला दिसतो."

"निम्मं यांनाच ठाऊक होतं, आबा," बाई म्हणाल्या. "फलाटावर शिकलेले आहेत हे."

आबांनी एकदा खांबाकडे पाहिलं. मग म्हणाले, "माघात एक गाडी देतो."

"पाच द्या."

"सेठ, तू अजून तसाच आहेस."

"एका गाडीसाठी डबा कोण राखून ठेवेल? चार."

"तीन. आणि दगड या बाईंच्या हातनं बसवायचा."

बाईंनी पदर खोचला आणि पहारीने केलेल्या खड्ड्यात दगड बसवला. आबांनी त्यावर माती दाबली.

माघात आम्ही बाईंच्या दगडावर निघालो. नदीत पाणी कमी होतं. राजघाटाच्या चढावर बैल रखडले आणि मला हसू आलं, गाडीवाल्याला कळेना का. स्टेशनात पोचलो तेव्हा सूर्य अजून पूर्वेला कललेला होता आणि घड्याळात बाराला थोडा अवकाश. आबा स्वतः पहिल्या गाडीवर बसून आले होते. ते उतरले, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग आभाळाकडे, आणि त्यांनी मान हलवली.

मालबाबू म्हणाला, "क्यों सूरजवाले सेठ, आज सूरज जल्दी निकला?"

"नहीं बाबूजी," मी म्हटलं. "आज वो लेट है. हम टाइम पर हैं."

डबा भरला. परतताना आबांनी विचारलं, पुढच्या कापणीला डबे किती लागतील. त्यानंतर ते हयात असेपर्यंत त्या गावाचा माल दुसऱ्या कुणाकडे गेला नाही, आणि माझं पक्कं घर, मुलांची शिक्षणं, सगळं त्या माघातल्या तीन गाड्यांमागून आलं.

पुढे राज्यं नव्याने आखली. नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो. बाईंना त्यांच्या राज्यात जायची मुभा मिळाली. आई म्हातारी होती, त्या गेल्या. निघायच्या आदल्या दिवशी मला म्हणाल्या, "भाऊ, तुमचा अर्ज राहिला जी. लिहू का?"

"लिहा," मी म्हटलं. "घड्याळाचं काही लिहू नका. डबा अर्धा रिकामा होता, एवढंच लिहा."

त्यांनी खरंच लिहिला. उत्तर आलं नाही, ते येईल असं त्यांनाही वाटलं नसावं.

स्टेशनावर निरोपाला आबा आले होते, केळीचा एक घड घेऊन. एवढ्या घडाचं मी एकटी काय करू, असं बाई म्हणत होत्या आणि आबा तो खिडकीतून आत ढकलत होते. गाडी हलली. बाईंनी पर्समधून काहीतरी काढलं आणि बाहेर टाकलं. मी आता पन्नास पावलंही धावण्याजोगा राहिलो नव्हतो, पोट सुटलं होतं, तरी फलाटावर पुढे धावलो. ते पुढेच पडलं होतं. आमच्या अंगणातला एक पांढरा गोटा, कार्तिकातला की माघातला ते मला ओळखता आलं नाही.

आबांनी तो हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, "विहिरीवर ने. दगडाशेजारी ठेवू."

तो अजून तिथे आहे. मोट जाऊन इंजिन आलं, इंजिन जाऊन वीज आली, आता पाळ्या घड्याळावर चालतात. माघात मी कधीमधी जातो. दगडावर सावली येते तेव्हा मनगटाकडे बघतो. दोघांचं अजून पटत नाही.